अमर्याद प्लॅन आणि महिन्याचे चार सिनेमे



दशलक्षण पर्व संपलं. पारणी झाली, क्षमावाणी झाली, आणि दहा दिवस बंद ठेवलेले टीव्ही घराघरांत पुन्हा सुरू झाले. स्वाध्यायानंतरच्या गप्पांत आता नेहमीचा विषय निघतो. कोणाकडे कोणतं ॲप आहे, कशाला महिन्याचे किती जातात, कोणतं बंद करावं आणि कोणतं ठेवावं. आमच्या मंदिरातल्या तरुण सुनांना चार-चार वर्गण्यांची बेरीज करताना ऐकलं की मला आमचे दिवस आठवतात. हा हिशेब इथे अमेरिकेत आम्ही वीस वर्षांपूर्वीच मांडून बसलो होतो. फरक एवढाच, की तेव्हा सिनेमा पोस्टमन आणून टाकायचा. त्या टपालाने येणाऱ्या डीव्हीडींच्या वर्गणीबद्दल आज लिहिते. घरखर्चाच्या जुन्या वह्या मी टाकलेल्या नाहीत, त्याचा आज उपयोग झाला.

ज्या नंतर आल्या त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. सिनेमा घरी बघायचा तर दुकानातून भाड्याने आणायचा, अशी रीत होती. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीला नव्हती का, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीसाठी आणायच्या आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत सगळ्या गल्लीने जागायचं? इथे रात्रभर जागावं लागत नसे, पण परत करायची तारीख चुकली की दंड. मुलांना ताप आला, बर्फ पडलं, काही कारण चालायचं नाही. ब्लॉकबस्टर या सगळ्यांत मोठ्या दुकानाने जानेवारी 2005 मध्ये ‘आता उशिराचा दंड नाही’ अशी जाहिरात केली. पण सात दिवसांहून जास्त उशीर झाला की ती डीव्हीडी तुम्ही विकत घेतली असं धरून पूर्ण किंमत लावायची आणि नंतर परत केलीत तर सव्वा डॉलर कापून घ्यायचा, असा त्यातला बारीक अक्षरांतला भाग होता. त्यावरून राज्यांच्या सरकारी वकिलांनी कंपनीला धरलं आणि काही महिन्यांतच तडजोड करायला लावली. भाजीवाली सुद्धा ‘दंड नाही’ म्हणून नंतर दुसऱ्या नावाने पैसे मागणार नाही.

नेटफ्लिक्सची युक्ती वेगळी होती. 1998 मध्ये त्यांनी डीव्हीडी टपालाने पाठवायला सुरुवात केली आणि 1999 पासून महिन्याची वर्गणी ठेवली. संगणकावर आपल्याला हव्या असलेल्या सिनेमांची यादी लावायची. त्यातल्या वरच्या तीन डीव्हीडी लाल पाकिटांतून घरी येत. हवे तितके दिवस ठेवा. एक परत केली की यादीतली पुढची निघते. परतीचं टपाल त्यांच्याच खर्चाने. पाकिटाची पट्टी फाडली की तेच उलट पाकीट व्हायचं. डबा नाही, कव्हर नाही, कागदी बाहीत एक तबकडी. परतीची तारीखच नाही तर दंड कुठून येणार?

आता भावाचं. तीन डीव्हीडींचा प्लॅन आधी 19.95 डॉलर होता, 2004 च्या जूनमध्ये 21.99 झाला. ऑगस्टमध्ये ब्लॉकबस्टरने आपली टपाल सेवा 19.99 ला काढली, आणि मग दोघांची चढाओढ लागली. नेटफ्लिक्स 17.99 वर आलं, ब्लॉकबस्टर 17.49 वर, आणि वर्ष संपता संपता 14.99 वर. वॉलमार्टही या धंद्यात होतं, पण 2005 च्या मे महिन्यात त्यांनी माघार घेतली आणि आपली गिऱ्हाइकं नेटफ्लिक्सकडे वळवली. एक गडी कमी झाल्यावर ब्लॉकबस्टरचा भाव पुन्हा 17.99 ला पोचला. बाजाराचं हे गणित आपल्या व्यापारी घरांत कोणाला समजावून सांगायला नको.

तिसरा पर्याय होता आपल्या किराणा दुकानाचा. पीठ, डाळ, कढीपत्ता घेताना काउंटरच्या मागच्या कपाटातून हिंदी सिनेमा दीड डॉलरला मिळायचा. सगळ्यांत स्वस्त दिसायचा. पण त्यातल्या बऱ्याच तबकड्यांवर मार्करने हाताने नाव लिहिलेलं असे. थिएटरात लागून आठवडा न झालेला सिनेमा, मधे कोणाचं तरी डोकं आडवं गेलेलं. आमच्या घरी ते आणायचं नाही असं ठरलं. अचौर्य व्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत मुलांकडून पाठ करून घेतो. त्यात ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेलं घेणं. मुलांना शनिवारी हे शिकवायचं आणि रविवारी मार्करच्या अक्षरातली तबकडी लावायची, हे जमणार नव्हतं. किराणा दुकानात कंपनीच्या छापील डीव्हीडीही असत, त्या आम्ही आणत असू. पण दुकान अकरा मैल लांब, जाऊन येऊन दोनदा.

गावाहून येताना बॅगेतून आणलेल्या डीव्हीडींची आणखी एक गंमत. अमेरिकेचा विभाग क्रमांक 1, भारताचा 5. त्यामुळे काही तबकड्या इथल्या प्लेअरमध्ये घातल्या की नुसतं ‘चालणार नाही’ असं पडद्यावर यायचं. मराठी सिनेमे तर टपालाच्या याद्यांत आम्हाला जवळजवळ सापडतच नसत. मराठीची भूक बॅगेतल्या व्हीसीडींवरच भागवायची.

2006 च्या शेवटी ब्लॉकबस्टरने आणखी एक सोय काढली. टपालाने आलेली डीव्हीडी जवळच्या दुकानात परत द्या आणि तिथल्या तिथे दुसरा सिनेमा फुकट घेऊन जा. त्याच वेळी टपालाचा पुढचाही निघालेला असे. भाव नेटफ्लिक्सइतकाच, तीनसाठी 17.99. आमच्या ह्यांना हे फार आवडलं. हे इंजिनिअर माणूस. एका रविवारी त्यांनी कागदावर मांडलं. तीन डीव्हीडी आठवड्यातून एकदा फिरल्या तर महिन्याला तेरा. म्हणजे एक सिनेमा 1.38 डॉलरला. दुकानातले फुकटचे धरले तर एका डॉलरच्याही खाली. एकाच डीव्हीडीचा प्लॅन 9.99 ला होता. त्यात महिन्याला चार बघितले तर प्रत्येकी अडीच डॉलर पडतात. “अडीच कुठे आणि एक कुठे,” हे म्हणाले. “मोठा प्लॅन उघड उघड स्वस्त आहे.”

गणितात खोट नव्हती. पण त्याच सुमारास सासूबाई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या, आणि येताना एक नियम घेऊन आल्या. आदल्या चातुर्मासात गावी माताजींसमोर त्यांनी भोगोपभोग परिमाण व्रतातला एक वर्षभराचा नियम घेतला होता: महिन्याला चारच सिनेमे. त्यांना सिनेमाचं वेड आहे हे माताजींनाही माहीत असावं. कारण ‘सोडून द्या’ असं त्या म्हणाल्या नाहीत, ‘मोजून घ्या’ म्हणाल्या. आपल्याकडे जन्मभराचा तो यम आणि मुदतीचा तो नियम. संसारी माणसाला नियमच झेपतो.

सासूबाई एकट्याच मोजत बसल्या आणि आम्ही शेजारच्या खोलीत तेरा सिनेमे बघतो आहोत, हे बरं दिसलं नसतं. मीही त्यांच्याबरोबर नियम धरला. ह्यांनी धरला नाही, पण टीव्ही एकच होता.

मग मी तोच कागद पुन्हा पुढे ओढला. एका सिनेमाला किती पडतात, हे विचारायच्या आधी घराला किती सिनेमे हवेत, हे लिहिलं. चार. आता 17.99 ला चाराने भागा: साडेचार डॉलर. 9.99 ला चाराने भागा: अडीच. किराणा दुकानातून चार आणले तर सहा डॉलर आणि पेट्रोल वेगळं. जो प्लॅन सगळ्यांत स्वस्त होता तोच सगळ्यांत महाग झाला. बाकीचा एकही आकडा बदलला नव्हता.

हे म्हणाले, “पण अमर्याद आहे ना. चारच्या वर बघायचं नाही असं कोणी सांगितलंय?”

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी सांगितलंय बाळ.”

या ‘अमर्याद’ शब्दाबद्दल मला थोडं बोलायचंय. वर्गणीच्या धंद्यात हा शब्द सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापतात. पैसे महिन्याच्या सुरुवातीला गेलेले असतात, त्यामुळे बघितलेला प्रत्येक सिनेमा फुकटचा वाटतो आणि न बघितलेला प्रत्येक सिनेमा तोट्याचा. थाळीच्या हॉटेलात पोट भरल्यावरही दोन पुऱ्या घ्याव्यात तसं. आमच्या ओळखीच्या एका घरी मंगळवारी आलेली डीव्हीडी बुधवारी सकाळी पेटीत गेलीच पाहिजे म्हणून आईवडील डोळे ताणून रात्री साडेबारापर्यंत सिनेमा बघत, आवडो न आवडो. याला काय म्हणायचं? विनाप्रयोजन जे घडतं त्याला आपण अनर्थदंड म्हणतो. हे प्रयोजनाने घडत होतं, पण ते प्रयोजन 1.38 डॉलरचं होतं.

आणि गंमत बघा, जो ‘अमर्याद’ विकत होता, त्याच्याकडेही मर्यादा होतीच. 2006 मध्ये साध्या पत्राचं तिकीट 39 सेंटचं होतं. एक तबकडी जाऊन यायची म्हणजे दोन्हीकडचं टपाल पाऊण डॉलरच्या आसपास. महिन्याला तेरा तबकड्या फिरवणाऱ्या घरामागे साधारण दहा डॉलर टपालातच गेले, मग माणसांचा पगार, सिनेमाच्या मालकाचा वाटा आणि तबकडीची किंमत 17.99 मधून कशी निघणार? म्हणून नेटफ्लिक्समध्ये जो जास्त बघतो त्याची पाळी मागे ठेवायची आणि जो कमी बघतो त्याला नवा सिनेमा आधी पाठवायचा, अशी पद्धत होती. एका ग्राहकाने 2004 मध्ये कोर्टात दावा लावला, की ‘अमर्याद’ म्हणता आणि मुद्दाम उशिरा पाठवता. कंपनीने दोष मान्य न करता तडजोड केली. जुन्या वर्गणीदारांना एक महिन्याचा फुकट लाभ दिला. आणि कमी मागवणाऱ्यांना आम्ही प्राधान्य देतो, हे आपल्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलं.

अचौर्याच्या त्याच पाच अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे. घ्यायचं माप एक आणि द्यायचं माप वेगळं. मी कोर्टाची भाषा बोलत नाही, घरची बोलते. मापात घट असेल तर ती गिऱ्हाइकाला आधी सांगावी. अटींमध्ये लिहिल्यावर माझी तक्रार नाही. उलट आमच्यासारख्यांना त्याचा फायदाच झाला. महिन्याला चार मागवणारं घर म्हणजे त्यांच्या दृष्टीने गुणी घर. आम्हाला यादीतला पहिला सिनेमा बहुतेक वेळा मिळायचा, आणि परत टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी नवं पाकीट दारात असायचं. देशभरात त्यांची पन्नासहून जास्त वाटप केंद्रं होती, त्यामुळे टपाल लांबून येत नसे. तबकडी तडकलेली निघाली तर संगणकावर कळवायचं की लगेच दुसरी निघे. सेवेबद्दल बोलायचं तर इतका कमी वाद घालावा लागलेला व्यवहार मला इथे दुसरा आठवत नाही.

तर आम्ही एका डीव्हीडीचा प्लॅन घेतला. वाचलेले आठ डॉलर ह्यांच्या हट्टाचे म्हणून वेगळे काढले. दर महिन्याला ते जीवदयेच्या डब्यात जात. सहा महिन्यांत अठ्ठेचाळीस. मोठी रक्कम नाही. पण ह्यांनी स्वतःच डब्यावर पट्टी चिकटवली होती, ‘न बघितलेले सिनेमे’.

सूर्यास्तानंतर खाणं नाही, त्यामुळे आमच्याकडे सिनेमा आणि पॉपकॉर्नची गाठ फक्त रविवारी दुपारी पडते. सासूबाईंना पॉपकॉर्न आवडत नसे. त्या शेंगदाण्याची वाटी घेऊन बसत.

त्या वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आमच्या यादीत सापडला. सासूबाईंच्या दृष्टीने हा घरचाच सिनेमा. शांताराम कोल्हापूरचे, वडील जैन; ‘प्रभात’ कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरातच निघाली आणि मग पुण्याला गेली. कैद्यांवर विश्वास ठेवून त्यांना उघड्यावर शेती करायला लावणाऱ्या तुरुंग अधिकाऱ्याची ही गोष्ट ज्या प्रयोगावरून सुचली, ती औंध संस्थानातली स्वतंत्रपूरची वसाहत आज सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे. 1957 सालचा सिनेमा, पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. सासूबाईंनी तो लग्नाआधी तंबूत बघितला होता, आणि त्या वेळी शेवट कळला नव्हता, कारण वीज गेली.

पहिल्या रविवारी बघितला. बघून झाल्यावर मी तबकडी पाकिटात घालायला लागले तर म्हणाल्या, “राहू दे की. तारीख नाही म्हणालीस ना?”

दुसऱ्या रविवारी तोच. आणि मग घरात शास्त्रार्थ सुरू झाला. एकदाच वापरून संपतो तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. सिनेमा कशात मोडतो? तबकडी मोजली तर एकच झाली, तीन अजून शिल्लक. बघणं मोजलं तर दोन संपले. ह्यांनी आईच्या बाजूने युक्तिवाद केला, की साडी दोनदा नेसली म्हणून दोन साड्या होत नाहीत. मुलीने सांगितलं, की पुस्तक दोनदा वाचलं तरी लायब्ररीच्या कार्डावर एकच शिक्का पडतो. मला दोघांचंही पटत होतं.

सासूबाई म्हणाल्या, “नियम तबकडीचा नाही रे. माझ्या डोळ्यांचा आहे. डोळे किती वेळा बसले ते मोजायचं.”

म्हणून त्या महिन्यात त्यांनी चारही रविवारी तोच सिनेमा बघितला. दुसरा एकही नाही. तिसऱ्या वेळेला त्यांनी मधेच थांबवायला लावलं आणि अधिकारी कैद्यांकडे बघतो तो प्रसंग मला समजावून सांगितला, की मारणारा हात आणि पेरणारा हात एकच असतो, त्याला कोणी बघणारं लागतं. चौथ्या वेळेला काही बोलल्या नाहीत. सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते तुरुंगात नव्हते, साखर कारखान्यात होते, पण रागीट होते. सासूबाईंनी त्यांच्याबरोबर पंचेचाळीस वर्षं कशी काढली हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात थोडं सांगितलं. सगळं इथे लिहिणार नाही.

ह्यांच्या कागदाप्रमाणे तो आमच्या घरात आलेला सगळ्यांत महाग सिनेमा. एक तबकडी, 9.99 डॉलर. मी वहीत तशीच नोंद केली आहे.

आता यादीबद्दल. त्या यादीत पाचशे नावं मावत. फुकट होतं, त्यामुळे लोक भरत सुटत. आमच्या मुलाची तीनशेच्या घरात गेली होती. महिन्याला चारच्या वेगाने तीनशे सिनेमे बघायला सव्वासहा वर्षं लागली असती. परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूबद्दलच्या मूर्च्छेत असतो, असं आपण शिकतो. त्या यादीइतकं त्याचं सरळ उदाहरण मला सापडलं नाही. घरात एकही वस्तू नाही, आणि तीनशेंची ओढ आहे. पण टपालाच्या संथपणाचा एक गुणही होता. मित्राने सांगितलं म्हणून सोमवारी घातलेलं नाव वर सरकेपर्यंत महिना जायचा, आणि तोवर त्याला ते का घातलं हेच आठवत नसे. मग तो स्वतःच काढून टाकायचा. न बघताच निर्जरा झाली, असं मी म्हणत असे. आजच्या ॲपमध्ये ही सवड नाही. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा सुरू होतो, आपण हात उचलायच्या आत.

पर्वाच्या दिवसांत वर्गणी काही काळ थांबवून ठेवता येई. भाद्रपदात आम्ही ती थांबवायचो, आणि त्या दिवसांचे पैसे लागत नसत. ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटली. मैत्रिणींना मी तेव्हाही हेच सांगत असे, की कंपनी निवडताना भावाआधी हे बघा, की थांबायला किती सोपं आहे. सुरू करायचं बटण सगळ्यांचंच मोठं असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2007 मध्ये ब्लॉकबस्टरने दुकानातल्या फुकट बदलीची सोय आखडती घेतली, कारण प्रत्येक बदलीमागे त्यांना तोटा होता. 2010 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. लाल रंगाची एका रात्रीला एक डॉलर घेणारी यंत्रं किराणा दुकानांच्या दारांत आली. स्वस्त, पण चार रात्री विसरलात तर चार डॉलर, म्हणजे परत दंडच. नेटफ्लिक्सने 4.99 ला महिन्याला दोनच डीव्हीडींचा छोटा प्लॅन ठेवला होता. त्याची जाहिरात मी कुठे मोठ्या अक्षरांत बघितली नाही, पण सासूबाई परत गेल्यावर आणि मुलं कॉलेजला गेल्यावर आम्हाला तोच योग्य होता. मग 2011 मध्ये त्यांनी टपाल आणि इंटरनेट वेगळं केलं. जे दोन्ही मिळून 9.99 ला होतं ते 7.99 अधिक 7.99, म्हणजे 15.98 झालं. तीन महिन्यांत अमेरिकेतले आठ लाख वर्गणीदार गेले. डीव्हीडीच्या धंद्याला त्यांनी ‘क्विकस्टर’ असं वेगळं नाव देऊन पाहिलं, ते तीन आठवड्यांत मागे घेतलं.

आम्ही तेव्हा इंटरनेटचं सोडलं आणि टपालाचं ठेवलं. सगळे उलट करत होते. मुलगी म्हणाली, तुम्ही दोघं म्युझियममध्ये राहता. पण जुना सिनेमा हवा असेल तर तबकडीच बरी होती. इंटरनेटवर आज असलेला सिनेमा पुढच्या महिन्यात करार संपला म्हणून नाहीसा होतो. तबकडी एकदा विकत घेतली की ती भाड्याने द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, असा इथला कायदा आहे, म्हणून टपालाच्या यादीत पन्नास वर्षांपूर्वीचंही मिळायचं. पुढे केंद्रं कमी होत गेली, टपालही मंदावलं, तिसऱ्या दिवशी येणारं पाकीट सहाव्या-सातव्या दिवशी यायला लागलं. चारचे तीन झाले, तीनचे दोन. नियम कोणी घ्यायची गरज उरली नाही.

2023 मध्ये 29 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, नेटफ्लिक्सने शेवटच्या डीव्हीडी टपालात टाकल्या. पंचवीस वर्षांत पाच अब्जांहून जास्त तबकड्या त्यांनी पाठवल्या. जे तोवर वर्गणीदार राहिले होते त्यांना त्यांनी सांगितलं, की नाव नोंदवलंत तर शेवटच्या दिवशी तुमच्या यादीतल्या आणखी दहापर्यंत डीव्हीडी पाठवू. आणि आलेल्या परत केल्या नाहीत तरी पैसे लावणार नाही. परत करायच्या असतील तर 27 ऑक्टोबरपर्यंत घेऊ.

आम्ही जादाच्या दहांसाठी नाव नोंदवलं नाही. नेहमीची एक आली. हे म्हणाले, “दिलेली आहे, घेतलेली नाही. अदत्तादान होत नाही.” ते बरोबर आहे. पण प्लेअरच्या शेजारचा खण उघडला तर त्यात लग्नाच्या, मुंजीच्या, बॅगेतून आणलेल्या मिळून चाळीसेक तबकड्या आधीच आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या गेल्या दहा वर्षांत कोणी लावलेल्या नाहीत. प्लेअरही आता किती दिवस चालेल सांगता येत नाही. ज्यांना अजून तबकडीच हवी त्यांनी आपल्या गावातली पब्लिक लायब्ररी बघावी. आमच्या लायब्ररीत तीन भिंती भरून डीव्हीडी आहेत, फुकट मिळतात, आणि यादीत नाव लावलं की वाटही बघावी लागते.

27 तारखेला शुक्रवार होता. टपाल हल्ली उशिरा जातं, म्हणून पाकीट सोमवारीच पेटीत टाकायचं ठरवलं. त्याआधी रविवार दुपार होती, आणि त्या महिन्यातला एक अजून शिल्लक होता.